कस्तुरबा गांधी : भुलेविना शस्त्रक्रिया आणि रक्तक्षयाशी झुंज

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे. कामानिमित्त राजधानीत येणाऱ्या मराठी माणसाला हा रस्ता परिचयाचा आहे, कारण २०१३ मध्ये सुरू झालेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर उभे आहे. एका व्हाइसरॉयच्या नावाच्या जागी ज्यांचे नाव आले, त्या कस्तुरबांची ओळख बहुतेकांच्या मनात महात्मा गांधींची सहधर्मचारिणी एवढीच असते. त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग मात्र वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही विचार करायला लावणारा आहे. वारंवारच्या रक्तस्रावाने क्षीण झालेल्या शरीरावर त्यांनी भूल न घेता शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यानंतरच्या उपचाराबाबत मरणाच्या दारात असताना स्वतः निर्णय दिला. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे रक्त सुधारून घ्यावे, हा विचार आज रुग्णालयांत रुजत असताना तो प्रसंग पुन्हा पाहण्याजोगा ठरतो.

कस्तुरबांचा जन्म ११ एप्रिल १८६९ रोजी काठियावाडातील पोरबंदर येथे एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव गोकुळदास माकनजी कापडिया. घरात सुबत्ता होती, परंतु मुलींना शाळेत पाठविण्याची रीत नव्हती. तेराव्या वर्षी त्यांचा विवाह मोहनदास करमचंद गांधी यांच्याशी झाला. वर वधूपेक्षा काही महिन्यांनी लहान होता. १८८५ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्या पहिल्यांदा माता झाल्या. ते मूल जेमतेम काही दिवस जगले. पौगंडावस्थेत मुलीच्या शरीराची वाढ चालू असते, मासिक पाळी सुरू झालेली असते आणि याच वयात गर्भ वाढवावा लागला तर लोहाची गरज कितीतरी वाढते. हे गणित त्या काळी कोणी मांडत नव्हते. पुढे हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास असे चार पुत्र झाले. धाकट्या देवदासांचा जन्म १९०० मध्ये डरबन येथे झाला. प्रसूतीच्या वेळी सुईण वेळेवर मिळू न शकल्याने गांधीजींनीच ती पार पाडली, अशी नोंद त्यांच्या आत्मचरित्रात आहे. पाच बाळंतपणे झाली, तेव्हा कस्तुरबांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते.

दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्यात १९०४ पासून डरबनजवळील फिनिक्स आश्रम हे कुटुंबाचे घर झाले. गांधीजी बहुतांश काळ जोहान्सबर्ग येथे किंवा तुरुंगात असत. १९०८ च्या अखेरीस ते वोक्सरस्टच्या तुरुंगात सक्तमजुरी भोगत असताना कस्तुरबांना गंभीर रक्तस्राव होत असल्याची तार आली. दंड भरला असता तर गांधीजींची सुटका होऊ शकत होती. दंड भरणे सत्याग्रहाच्या तत्त्वात बसत नसल्याने त्यांनी तो भरला नाही आणि आपण येऊ शकत नसल्याचे पत्र पत्नीला लिहिले. डिसेंबरमध्ये सुटका झाल्यावर ते घरी पोहोचले, तेव्हा कस्तुरबांची प्रकृती पार खालावली होती.

एका परिचित डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. थोड्या आढेवेढ्यांनंतर कस्तुरबांनी संमती दिली आणि जानेवारी १९०९ मध्ये डरबन येथे शस्त्रक्रिया झाली. रुग्ण इतकी कृश होती की क्लोरोफॉर्म देण्याचे धाडस डॉक्टरांना झाले नाही. पूर्ण शुद्धीत असताना, वेदना सोसत कस्तुरबांनी ती करून घेतली.

डॉक्टरांच्या या सावधगिरीमागे कारण होते. क्लोरोफॉर्मने हृदय व श्वसन मंदावते आणि उपयुक्त मात्रा व घातक मात्रा यांत फार अंतर नसते. हे औषध किती सुरक्षित आहे याविषयीचा मोठा वाद भारतातही रंगला होता. निजामाच्या आर्थिक साहाय्याने हैदराबाद येथे १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसविण्यात आले होते. श्वासोच्छ्वासाकडे नीट लक्ष ठेवल्यास हृदयाला धोका नाही, हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. ज्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी आहे, त्याचे हृदय आधीच जादा काम करीत असते. अशा रुग्णाला भूल देणे म्हणजे दमलेल्या बैलाला आणखी ओझे लादण्यासारखे होते.

मग रक्त आधी का भरून काढले नाही, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये लावला होता, पण रक्त गोठू न देता साठविण्याची युक्ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हाती आली. त्यामुळे १९०९ मध्ये डरबनसारख्या गावी रक्त देण्याचा विचारही शक्य नव्हता. लोहाच्या गोळ्या मात्र एकोणिसाव्या शतकापासून युरोपात वापरात होत्या. आपल्याकडेही पंडुरोगावर मंडूर भस्म आणि लोहभस्म देण्याची परंपरा फार जुनी आहे. म्हणजे औषध अगदीच अज्ञात नव्हते. शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्याआधी काही आठवडे थांबून लोह देऊन रक्त वाढवावे, ही शिस्त मात्र तेव्हा रुजलेली नव्हती. वाहते रक्त थांबविणे हीच त्या डॉक्टरांपुढची तातडीची गरज होती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि डॉक्टरांच्या परवानगीने गांधीजी जोहान्सबर्गला परतले. काही दिवसांतच कस्तुरबांची प्रकृती अधिक बिघडली. त्यांना अंथरुणात उठून बसण्याचेही त्राण राहिले नाही आणि एकदा त्या बेशुद्ध झाल्या. डॉक्टरांनी दूरध्वनी करून त्यांना गोमांसाचे सूप देण्याची परवानगी मागितली. बीफ टी या नावाने ओळखले जाणारे हे सूप त्या काळी अशक्त रुग्णांना सर्रास दिले जाई. गांधीजींनी स्वतःची संमती नाकारली. रुग्णाला विचारता येत असेल तर तिला विचारावे आणि तिची इच्छा प्रमाण मानावी, असे त्यांनी कळविले. डॉक्टर रुग्णाला विचारण्यास तयार नव्हते. गांधीजी त्याच दिवशी रेल्वेने डरबनला निघाले. तेथे पोहोचल्यावर त्यांना समजले की दूरध्वनी करण्यापूर्वीच ते सूप कस्तुरबांना देऊन झाले होते.

या ठिकाणी हा प्रसंग केवळ आहाराचा राहत नाही. डॉक्टरांच्या मते प्राण वाचविण्यासाठी केलेली ती कृती फसवणूक ठरत नव्हती. गांधीजींच्या मते ती फसवणूकच होती. दोघांच्या वादात तिसरी व्यक्ती पलंगावर पडून होती. अखेर तिला विचारण्यात आले आणि तिने ठाम नकार दिला. अशा अन्नाने देह बाटविण्यापेक्षा मरण पत्करू, असा तिचा भाव होता. एका मुलाचेही मत घेण्यात आले होते आणि त्यानेही आईला असे अन्न देण्यास विरोध केला होता. तरीही पतीने विचारले आणि पत्नीने मुक्तपणे ठरविले, इतकी ही गोष्ट सरळ मानता येत नाही. हा वृत्तांत आपल्यापर्यंत पोहोचतो तो गांधीजींच्या लेखणीतून. कस्तुरबांना लिहिण्यावाचण्याचा सराव बेताचाच होता आणि त्यांनी आपली बाजू कोठे लिहून ठेवलेली नाही. पतीचे मत काय आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. पण त्यांच्या पुढील आयुष्यातील वर्तन पाहता हा नकार उसना वाटत नाही. नंतर फिनिक्सला आलेल्या एका स्वामींनी मनुस्मृतीचे दाखले देत मांसाहार निषिद्ध नसल्याचे समजावले, तेव्हाही त्यांनी ती चर्चा तेथेच थांबविली.

डॉक्टर रागावले. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. अशा स्थितीत रुग्णाला हलविणे धोक्याचे आहे, हा इशारा न मानता गांधीजींनी कस्तुरबांना रिक्षातून स्थानकावर नेले. हाडांचा सापळा झालेल्या पत्नीला दोन्ही हातांवर उचलून लांबलचक फलाट ओलांडून त्यांनी डब्यात बसविले. पुढे निरोप पाठविलेला होता. त्यानुसार फिनिक्स स्थानकावर आश्रमातील सहकारी वेस्ट झोळी, गरम दूध, गरम पाणी आणि सहा माणसे घेऊन हजर होते. तेथून सुमारे अडीच मैल त्यांना झोळीतून आश्रमात नेण्यात आले. जलोपचारांनी हळूहळू शक्ती येऊ लागली, पण काही काळाने रक्तस्राव पुन्हा सुरू झाला. तेव्हा गांधीजींनी मीठ आणि डाळी वर्ज्य करण्याचा सल्ला दिला. हे तुम्हालाही सोडवणार नाही, असे कस्तुरबांनी सुनावताच गांधीजींनी एक वर्षासाठी दोन्ही गोष्टी सोडण्याची प्रतिज्ञा केली. पतीचा हा हट्ट पाहून कस्तुरबांना रडू कोसळले आणि त्यांनीही पथ्य स्वीकारले. रक्तस्राव थांबला. तो पथ्याने थांबला की आहारातील इतर बदलांनी की मनाला आलेल्या उभारीने, हे सांगता येत नसल्याची कबुली गांधीजींनीच दिली आहे.

आजच्या पोषणशास्त्राच्या नजरेने पाहता या कथेत काही विसंगती दिसतात. ज्या सुपावरून एवढा वाद झाला, त्यात लोहाचे प्रमाण अल्पच असते. मांसाच्या तुकड्यातील लोह पाण्यात फारसे उतरत नाही. दुसरीकडे, शाकाहारी रुग्णाच्या ताटातून डाळी काढणे म्हणजे लोहाचा एक हुकमी स्रोत काढून घेणे होय. आणि मीठ? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने विकसित केलेल्या दुहेरी पोषणयुक्त मिठातून आज आयोडीनबरोबर लोहही घराघरांत पोहोचविण्याचा प्रयत्न केला जातो. कस्तुरबांचे प्राण पथ्याने वाचले, असे कोणी वैद्य आज म्हणणार नाही. रक्तस्राव थांबला म्हणून शरीराला लोहसाठा पुन्हा जमविण्याची उसंत मिळाली, असेच तो म्हणेल.

वाहत्या रक्ताबरोबर शरीरातील लोह जाते आणि लोहाशिवाय हिमोग्लोबिन तयार होत नाही, हे त्यामागचे साधे सूत्र आहे. प्रौढ स्त्रीइतकेच ते किशोरवयीन मुलामुलींनाही लागू पडते. पाठीच्या कण्याला बाक येण्याचा स्कोलिऑसिस हा विकार बहुधा दहा ते सोळा या वाढीच्या वयात बळावतो आणि मोठा बाक मुलींमध्ये अधिक आढळतो. तो सरळ करण्यासाठी अनेक मणक्यांत स्क्रू बसवून धातूच्या सळ्यांनी ते जोडावे लागतात. शस्त्रक्रिया कित्येक तास चालते आणि रक्त बरेच जाते. ही शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. तारीख आठवडे-महिने आधी ठरते. नेमका हाच वेळ उपयोगी पडतो. हिमोग्लोबिनबरोबर लोहसाठा दाखविणारी फेरिटिन ही तपासणी केली जाते, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असूनही साठा रिकामा असू शकतो. कमतरता आढळली तर कारण शोधले जाते: पाळीतील अतिस्राव, जंत, अपुरा आहार. त्यानंतर लोहाच्या गोळ्या सुरू होतात. हिमोग्लोबिन वाढण्यास काही आठवडे आणि साठा भरण्यास त्याहून अधिक, साधारण तीन महिने लागतात. गोळ्या सोसत नसतील किंवा दिवस थोडे उरले असतील तर शिरेतून लोह देण्यात येते. चहा गोळीच्या आसपास घेऊ नये आणि लिंबू किंवा आवळ्यासारखे आंबट घ्यावे, हा सल्ला त्यासोबत असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दिले जाते. दुसऱ्याचे रक्त देण्याची वेळ शक्य तितकी टळावी, हा या साऱ्याचा हेतू. जागतिक आरोग्य परिषदेने २०१० मध्ये संमत केलेल्या ठरावात रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताचे असे जतन करण्यावर भर दिला होता.

भारतात या प्रश्नाचे गांभीर्य मोठे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त होती. मुलींमधील हे प्रमाण आधीच्या सर्वेक्षणात ५४.१ टक्के होते. म्हणजे कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होणाऱ्या मुलींपैकी अनेकींचे रक्त आधीपासूनच उणे असण्याची शक्यता डॉक्टरांना गृहीत धरावी लागते.

कस्तुरबांच्या चरित्रात शरीराची अशी परीक्षा पुढेही होत राहिली. ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह अवैध ठरविणारा निकाल दक्षिण आफ्रिकेतील न्यायालयाने मार्च १९१३ मध्ये दिला. त्याविरुद्धच्या लढ्यात फिनिक्सहून निघालेल्या पहिल्या सोळा जणांच्या तुकडीत कस्तुरबा होत्या. सप्टेंबरमध्ये त्यांना तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा होऊन मॅरिट्झबर्गच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथील अन्न अत्यंत निकृष्ट होते. आहाराचे व्रत पाळणारी एक भगिनी तुरुंगातून अक्षरशः सापळा होऊन बाहेर आली, असे गांधीजींनी त्या लढ्याच्या इतिहासात लिहिले आहे; ती भगिनी कस्तुरबाच होत्या, असे चरित्रकार मानतात. याच लढ्यात तुरुंगवास भोगलेली जोहान्सबर्गची वल्लीअम्मा ही तमिळ मुलगी ताप घेऊन बाहेर पडली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये तिचे निधन झाले. ती सोळा वर्षांची होती.

१९१५ मध्ये गांधी दांपत्य भारतात परतले. १९१७ मध्ये चंपारणच्या खेड्यांत शाळा व आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा कस्तुरबा भितिहरवा या गावी राहून स्त्रियांना स्वच्छतेचे धडे देत होत्या. महाराष्ट्रातून अवंतिकाबाई गोखले, आनंदीबाई वैशंपायन आणि भारत सेवक समाजाचे डॉ. देव या कामासाठी गेले होते. औषधांच्या पेटीत एरंडेल, क्विनीन आणि गंधकाचे मलम एवढ्या तीनच गोष्टी होत्या. एका झोपडीत कस्तुरबांनी स्वच्छ न राहण्याचे कारण विचारले असता तेथील स्त्रीने अंगावरच्या एकुलत्या लुगड्याकडे बोट दाखविले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे.

शस्त्रक्रियेचा प्रसंग गांधीजींवरही आला, तो पुण्यात. येरवडा तुरुंगात असताना आंत्रपुच्छाचा दाह झाल्याने १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. जलोपचार आणि मातीच्या पट्ट्यांचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनी त्या वेळी शस्त्रक्रियाही स्वीकारली आणि भूलही.

कस्तुरबांच्या वाट्याला त्यानंतर वारंवार तुरुंगवास आला. १९३९ मध्ये राजकोट सत्याग्रहात सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींना मुंबईत अटक झाल्यावर त्या दिवशीच्या शिवाजी पार्कवरील सभेत बोलण्याचे कस्तुरबांनी ठरविले होते. सभेला जाण्यापूर्वीच त्यांना डॉ. सुशीला नायर यांच्यासह अटक झाली. आर्थर रोड तुरुंगातून त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये हलविण्यात आले. आठवड्याच्या आतच महादेवभाई देसाई यांचे तेथे निधन झाले. कस्तुरबांना हा धक्का मोठा होता. १९४३ च्या अखेरीपासून हृदयविकार बळावला. डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नायर हे सहबंदी डॉक्टर उपचार करीत होते. कस्तुरबांच्या आग्रहावरून वैद्य शिव शर्मा यांनाही बोलावण्यात आले. अखेरच्या दिवसांत फुफ्फुसाचा दाह झाला. पेनिसिलीन तेव्हा दुर्मीळ होते. देवदास यांनी ते कलकत्त्याहून विमानाने मागविले. दर काही तासांनी इंजेक्शने द्यावी लागतील हे समजल्यावर मरणासन्न पत्नीला हा त्रास देऊ नये, असे मत गांधीजींनी दिले आणि देवदास यांनी नाइलाजाने ते मानले. या निर्णयावर आजही मतभेद आहेत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, सायंकाळी गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून कस्तुरबांनी देह ठेवला. आगाखान पॅलेसच्या आवारात महादेवभाईंच्या समाधीशेजारीच त्यांची समाधी आहे.

त्यांच्या स्मरणार्थ देशभरातून निधी जमा करण्यात आला. पंचाहत्तर लाख रुपये हे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात जमलेली रक्कम त्याहून अधिक झाली. त्यातून ग्रामीण स्त्रिया व मुलांसाठी कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट उभा राहिला. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथील रुग्णालयाला कस्तुरबांचेच नाव आहे. अखेरच्या आजारात त्यांच्या उशाशी असलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना केली. वंचित घरांतील मुलींसाठी केंद्र सरकारने २००४ मध्ये कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय ही निवासी शाळांची योजना सुरू केली. सरकारी शाळांतील किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी दर आठवड्याला देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम नंतर आला. निळ्या रंगाची ही गोळी उपाशीपोटी न देता जेवणानंतर आणि शक्यतो शिक्षकांच्या देखत देण्याचा संकेत आहे.